ताईच्या गाडीची सात चाकं

ट्रक मागे घेताना त्याच्या मागे उभं राहून ओरडायला काही विशेष अक्कल लागत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. "येऊ दे" आणि "बास" एवढ्या दोन शब्दांत काम भागतं. त्या सकाळी पहिला शब्द मी चांगला सतरा वेळा, खणखणीत आवाजात म्हटला. दुसरा आठवला तोवर ट्रकचं मागचं डावं चाक शेडच्या लोखंडी खांबाला भिडलं होतं आणि खांब आणि चाक दोघेही वाकले होते. माझी चूक म्हणाल तर एवढीच, की मी उजवी बाजू डोळ्यांत तेल घालून सांभाळत होतो आणि खांब डाव्या बाजूला होता.

इंजिन बंद झालं. केबिनचं दार उघडून माझी थोरली बहीण खाली उतरली. तिनं चाक पाहिलं, खांब पाहिला, आणि सगळ्यात शेवटी मला पाहिलं.

"तू शाळेत काय शिकवायचास रे?"

"भूगोल."

"तरीच तुझी पोरं गाव सोडून कुठं गेली नाहीत. रस्ताच सापडला नसेल."

माझी ही बहीण माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणजे आता बासष्टची. सारं गाव तिला ताईच म्हणतं, तिच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा. तिचा धंदा सांगितला की लोक आधी हसतात. ती वजनं करणाऱ्या काट्यांचीच परीक्षा घेते. धान्याच्या बाजारात, गोदामांत, कारखान्यांच्या दारात जमिनीत बसवलेले मोठे भुईकाटे असतात. भरलेला ट्रक त्यावर उभा करायचा आणि वजन घ्यायचं. पण तो काटा खरं बोलतो की नाही हे कुणी बघायचं? ते ताई बघते. तिच्या ट्रकवर पाच-पाचशे किलोचे दहा बिडाचे ठोकळे असतात, सरकारी प्रयोगशाळेनं पारखून एकत्र सील केलेले. ट्रकवरच्या छोट्या क्रेननं ती ते एकेक करून काट्यावर ठेवते, आकडे टिपते, आणि काटा बरोबर निघाला तर शिक्का मारते. चुकीचा निघाला तर मालकाचं तोंड कितीही गोड असो, कुलूप घालते.

हे सगळं तिच्या रक्तातच होतं म्हणायला हरकत नाही. आमचे वडील तराजू दुरुस्त करायचे. मी त्या दुकानात पुस्तकं वाचायला बसायचो, ती पारडी घासायला. तिच्या हाताला वजन कळतं. माझी मुलगी झाली तेव्हा नर्सच्या हातून तिनं बाळ घेतलं, जरा वरखाली केलं आणि म्हणाली, "तीन किलो शंभर." नर्स म्हणाली, "अहो, तीन तीनशे लिहिलंय." संध्याकाळी दवाखान्याचा काटा दुरुस्तीला गेला. लग्न तिनं केलं नाही. का, असं कुणी विचारलंच तर म्हणते, "बघायला आले ते सगळे स्वतःचे आकडे फुगवून सांगत होते."

तर असं हे सव्वीस वर्षं चालू होतं, आणि दोन महिन्यांपूर्वी नदीवरच्या पुलाची तपासणी झाली.

पूल म्हातारा झाला होता. त्याच्या तोंडाशी पाटी लागली: दहा टनांवरच्या वाहनांना मनाई. पाटीशेजारी भुईकाटा बसला, आडवा दांडा आला, दांड्याशी पहारेकरी आला. पुलापलीकडे धान्याचे सगळे बाजार. हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे एक तारखेपासून, तिथले चाळीसेक काटे ताईनं तपासायचे. दुसरा रस्ता होता, पण तो दोनशे किलोमीटरचा वळसा. महिनाभर रोज त्या वाटेनं जायचं तर कमाई सगळी डिझेलच्या टाकीत. आणि बाजारवाल्यांनी तिला पत्र धाडलं होतं, अगदी आदरानं: आपण एक तारखेला येऊ शकत नसाल तर काम कायमचं एका मोठ्या कंपनीला द्यावं लागेल. त्या कंपनीकडे नव्या, हलक्या गाड्या होत्या.

म्हणजे ताई घरी बसणार. ताई आणि घरी बसणार, हे चित्र मी डोळ्यांसमोर आणून पाहिलं आणि मला घरातल्या इतरांची, म्हणजे मुख्यतः माझी, काळजी वाटली. आम्ही एकाच घरात राहतो. एकदा पाय मुरगळून ती चार दिवस घरी होती, तर तिनं माझ्या बायकोच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे वजन करून ठेवले होते, आणि माझ्या ताटातला भातही.

पहिल्यांदा पुलाच्या काट्यावर गाडी चढवली तेव्हा आकडा आला दहा टन एकशे ऐंशी किलो. पहारेकरी चांगला माणूस. तो इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, तुमच्यासाठी काय ते! जा तुम्ही. शे-दोनशे किलो कोण बघतंय?"

"मी बघतेय ना," ताई म्हणाली आणि गाडी मागे घेतली. त्या दिवशी मागे मी नव्हतो, म्हणून व्यवस्थित घेतली.

काट्यावर शंका घ्यायची सोयही नव्हती. महिन्यापूर्वी तो तिनंच तपासून त्यावर शिक्का मारला होता. एखादा ठोकळा घरी ठेवून जावं म्हटलं, तर दहांचं सील एकच; ते तुटलं की सगळे पुन्हा प्रयोगशाळेत आणि तीन महिने वाट बघत बसा. मग तिनं गाडी सोलायला सुरुवात केली. रेडिओ गेला. केबिनमागचा झोपायचा बाक गेला. हत्यारांची लोखंडी पेटी जाऊन कापडी पिशवी आली. डिझेल पाव टाकीवर आलं. त्या सकाळी पुढचा लोखंडी गज उतरवायचा म्हणून तर आम्ही गाडी शेडमध्ये घेत होतो. तो उतरला, हिशेब केला. अजून पासष्ट किलो जास्त. एक तारखेला बारा दिवस. आणि आता वर एक वाकडं चाक.

चाक घेऊन आम्ही टायरवाल्या काकांकडे गेलो. काका सत्तरीचे. टायरमधून मान बाहेर काढूनच ते जगाशी बोलतात.

"कुणी केलं हे?" काकांनी विचारलं.

"मास्तरांनी," ताई म्हणाली.

"रिम गेली. वाकलेली सरळ करून देणारे भेटतील, पण मी तुला ती लावू देणार नाही. तशीच दुसरी घे."

काकांनी रिमवरून टायर सोडवला. ताईनं सवयीनं उघडी रिम उचलून आपल्या छोट्या काट्यावर ठेवली. आपण जशी खिशात किल्ली ठेवतो तसा तो काटा तिच्यासोबत असायचा. "पंचवीस किलो," ती म्हणाली, आणि तशीच उभी राहिली.

"काका, ही लोखंडाची पंचवीस. अ‍ॅल्युमिनियमची असते का हो हिच्या जागी?"

"असते की. पंधराच्या आसपास भरते. पण ती चकचकीत गाड्यांना. तुझ्या गाडीला कशाला हवाय नट्टापट्टा?"

मी ताईचे ओठ हलताना पाहिले. मागे चार, पुढे दोन, आणि स्टेपनी एक. सात. साती दाही सत्तर.

"पासष्टला सत्तर," ती म्हणाली. आणि बासष्ट वर्षांच्या माझ्या बहिणीनं टायरवाल्या काकांच्या पाठीत असा गुद्दा घातला की ते पुन्हा टायरमध्ये गेले.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर काय हवं होतं! मला वाटत होतं, चाक म्हणजे गोल असतं, भोकं असतात, आवळलं की झालं. पुढच्या नऊ दिवसांत मला कळलं की लग्न जुळवणं सोपं, चाक जुळवणं कठीण. रिमला बोल्टांची भोकं किती हे आधी बघायचं: ताईच्या गाडीला आठ. मग ती आठ ज्या वर्तुळावर आहेत ते वर्तुळ किती मोठं. मग मधलं मोठं भोक, जे हबवर, म्हणजे आसाच्या टोकावरच्या त्या जाड गोळ्यावर, चपखल बसलं पाहिजे. मग रिमची खोली, नाही तर मागची जोडचाकं एकमेकांना घासणार. यातलं एक जरी हुकलं तरी बाकीच्यांचा उपयोग शून्य. ताईनं सगळी मापं एका पुठ्ठ्यावर लिहिली आणि तो पुठ्ठा घेऊन आम्ही माझ्या छोट्या मोटारीतून गावं पालथी घालायला निघालो. गाडी मी चालवायची नाही, हे न बोलता ठरलं होतं.

नव्या चाकांच्या दुकानात माणसानं संगणकात पाहून सांगितलं, "मिळतील. दोन महिने." तिथून बाहेर. दुसऱ्या गावी एकानं सात चाकं काढून दाखवली. आठ भोकं बरोबर, वर्तुळ बरोबर. मी आनंदानं दुकानदाराचा हात हातात घेतला. ताईनं मधल्या भोकात व्हर्नियर घातला. व्हर्नियर म्हणजे तिची ती बारीक माप घ्यायची सरकती पट्टी, जी ती दागिन्यासारखी मऊ कापडात बांधून ठेवते.

"दोन मिलिमीटर मोठं आहे."

"अहो बाई, दोन मिलिमीटर म्हणजे काय? नट आवळले की बसतं सगळं!"

"बोल्टांनी चाक धरायचं असतं, पेलायचं नसतं. पेलायचं काम हबचं. हे तुमचं चाक लोंबकळणार, बोल्ट तुटणार, आणि माझी पाच टन वजनं कुणाच्या तरी ओसरीत जाऊन बसणार."

"आजवर कुणी तक्रार नाही केली."

"करायला उरलं पाहिजे ना कुणी," ताई म्हणाली. मी दुकानदाराचा हात सोडला.

आणखी एका ठिकाणी सगळं जुळलं, पण चाक बसवून फिरवल्यावर ब्रेकच्या ड्रमला घासून कर्र आवाज आला. ताईनं डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि "चला" म्हणाली. सातव्या दिवशी माझ्या बायकोनं मला बाजूला घेऊन विचारलं, "त्यांना म्हणावं, राहू दे ना आता. किती वर्षं करणार?" मी ते जेवताना ताईला फार मऊ शब्दांत सांगून पाहिलं. ताई म्हणाली, "बरं. उद्यापासून घरी बसते. तुझ्या बायकोला सांग, डबे काढून ठेव." दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता बायकोनं आम्हा दोघांचा डबा भरून हातात दिला, आणि संध्याकाळपर्यंत यायचं नाही असं बजावलं.

नवव्या दिवशी टायरवाल्या काकांचा निरोप आला. शहराबाहेर जुन्या गाड्या मोडणारा एक यार्डवाला आहे, त्याच्याकडे टीव्हीच्या एका वाहिनीची बातम्यांची गाडी मोडीत आली आहे, ताईच्या ट्रकच्याच कंपनीची, त्याच आसाची. आणि वाहिनीवाल्यांनी दिसायला बरी म्हणून तिला अ‍ॅल्युमिनियमची चाकं घातली होती.

यार्डवाला म्हणजे एक भव्य मिशी आणि तिच्यामागे बेताचा माणूस. टीव्हीची गाडी कोपऱ्यात उभी होती, छपरावरची छत्री गेलेली, काचा गेलेल्या. पण चाकं! धुळीवरून ताईनं ओलं फडकं फिरवलं आणि खाली चांदी निघाली. ती गुडघ्यांवर बसली. आठ भोकं. वर्तुळ बरोबर. मधलं भोक: व्हर्नियर आत गेला, थांबला. तिनं पुन्हा पाहिलं. मी श्वास घेतला नव्हता, मिशीनंही घेतला नव्हता.

"बरोबर," ताई म्हणाली.

"पण सहाच दिसतात," मी म्हटलं. "स्टेपनी कुठंय?"

मिशी जरा थरथरली. "ती विकायची नाही."

ती त्याच्या ऑफिसात होती. आडवी ठेवून वर गोल काच बसवली होती, काचेवर चहाचा कप, चष्मा आणि वर्तमानपत्र. "माझं टेबल आहे ते," यार्डवाला म्हणाला. "दिवसभर मोडतोड बघायची. एक तरी वस्तू धड असावी ना समोर, बाई? सहा घ्या खुशाल. ते टेबल राहू द्या."

सहांचे साठ किलो. आम्हाला पासष्ट हवे होते. ताईनं घासाघीस केली नाही. ती म्हणाली, "शेठ, माझा काटा आज घरी राहिलाय. आधी एक चाक तुमच्या काट्यावर ठेवू द्या. वजन कळू दे."

यार्डात भंगार घेण्याचा मोठा काटा होता. टायर काढलेली एक रिम मी आणि यार्डवाल्यानं उचलून वर ठेवली. पंधरा किलो सहाशे.

मी पुठ्ठ्याच्या मागे हिशेब मांडला. ही चाकं जाड, म्हणून लांब बोल्ट लागणार होते. त्यांचे दोन किलो वाढणार. म्हणजे टेबल मिळून सातही चाकं धरली, तरी गाडी दहा टनांच्या वर एक किलो जात होती. एक किलो! मी हिशेब पुन्हा केला. भूगोलाच्या माणसाचं गणित म्हणून तिसऱ्यांदा केला. एकच.

"ताई," मी म्हटलं, "राहिलं गं."

ताई काट्याकडे बघतही नव्हती. तिनं खाली वाकून ती रिम दोन्ही हातांनी उचलली, जशी माझी मुलगी उचलली होती अगदी तशी, जरा वरखाली केली.

"हे पंधराच्या वर नाही," ती म्हणाली. "शेठ, काटा चुकतोय तुमचा."

मिशी एकदम ताठ झाली. "झालं! तुम्हीही तेच! सगळं गाव म्हणतं मी काटा मारतो. भंगार विकायला येणारा प्रत्येक जण म्हणतो. सासरे म्हणतात! अहो, देवाशपथ मी कधी हात लावला नाही त्याला!"

ताईनं पिशवीतून पाच किलोचं पितळी वजन काढलं. बायका पर्समध्ये आरसा ठेवतात तसं ते तिच्याकडे असतंच. ते काट्याच्या मधोमध ठेवलं. पाच किलो दोनशे. कोपऱ्यावर ठेवलं. पाच किलो दोनशे. दुसऱ्या कोपऱ्यावर. तेच.

"बघा," यार्डवाला हताश होऊन म्हणाला. "खोटाच निघाला."

"खोटा आहे," ताई म्हणाली, "पण तुमचा काटा कमी नाही दाखवत, शेठ. जास्त दाखवतो. लोक तुम्हाला पाच किलो आणून देतात आणि तुम्ही सव्वापाचच्या जवळचे पैसे मोजता. किती वर्षं झाली बसवून?"

"अकरा."

"अकरा वर्षं तुम्ही स्वतःलाच फसवताय. गावात दुसऱ्या कुणाला नाही."

त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. अकरा वर्षांचं नुकसान कळल्यावर माणूस मटकन खाली बसेल, अशी माझी अपेक्षा. हा फुलला! मिशीची दोन्ही टोकं वर गेली. "म्हणजे मी... म्हणजे उलट मीच..." मग तो पुढे सरकला. "बाई, हे तुम्ही कागदावर लिहून द्याल? सही-शिक्क्यासकट?"

"देईन की. आणि काट्याला कुलूपही घालीन, दुरुस्त होईपर्यंत."

"घाला हो, खुशाल घाला! दोन कुलपं घाला! कागद मात्र मोठ्या अक्षरात लिहा, सासऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता आला पाहिजे!"

ताईनं काट्याच्या खोक्यावर बसून कागद लिहिला. तो लिहून होईपर्यंत यार्डवाला ऑफिसात गेला, त्यानं चहाचा कप, चष्मा आणि वर्तमानपत्र खिडकीत ठेवलं, काच भिंतीला टेकवली, आणि सातवी रिम स्वतः छातीशी धरून बाहेर आणली. ताई म्हणाली, "शेठ, कागदासाठी काही नको. तो माझ्या कामाचा भाग आहे. टेबलाचे पैसे मी वेगळे देणार." तो म्हणाला, "द्या ना, कुठं नको म्हणतोय? पण तुमच्या काट्यावर तोलून, हां!" आणि दोघं इतकी हसली, की यार्डातली दोन कुत्री उठून बघायला आली.

पंधराला पंधरा. खऱ्या काट्यावर सातही चाकं तेवढीच भरली.

शेवटचे दोन दिवस टायरवाल्या काकांच्या दुकानात गेले. लांब बोल्ट बसले, नवे नट आले, टायर चढले. ताईनं प्रत्येक नट क्रमानं, आधी समोरासमोरचा मग शेजारचा असा आवळला आणि मग काकांनी पुन्हा आवळला, कारण काका म्हणाले, "तुझा विश्वास नाही का माझ्यावर?" आणि ताई म्हणाली, "आहे ना. म्हणून तर दुसऱ्यांदा तुम्हाला देतेय." रस्त्यावरून जाणारी माणसं थांबून बघत होती. बावीस वर्षांची, रंग उडालेली, रेडिओ नसलेली गाडी, आणि खाली सिनेमातल्या नटीसारखी चाकं. काका लांबून बघत म्हणाले, "म्हातारीनं नवे बूट घातलेत." ताई म्हणाली, "कुणाबद्दल बोलताय, काका?" काका टायरमध्ये गेले.

एक तारखेला सकाळी सात वाजता आम्ही पुलाच्या तोंडाशी पोचलो. मी ताईच्या शेजारी बसलो होतो, हातात हिशेबाचा पुठ्ठा. दांड्याशी पहारेकरी, आणि त्याच्यामागे कोपऱ्यात एक चकचकीत पांढरी गाडी उभी. मोठ्या कंपनीची. त्यांनाही कुणी तरी सांगून ठेवलं असावं, की म्हातारी अडली तर लगेच पुढे व्हा. तिचा ड्रायव्हर दारात पाय सोडून बसला होता आणि आमच्या चाकांकडे बघत होता.

"उतर," ताई मला म्हणाली. "काट्यावर गाडी आणि ड्रायव्हर. बाकी कुणी नाही."

मी उतरलो. गाडी काट्यावर चढली, हलकेच, दुधाचं भांडं ठेवावं तशी. ताईनं इंजिन बंद केलं. पहारेकऱ्याच्या खिडकीत लाल आकडे पळायला लागले. दहा हजार वीस. नऊ हजार नऊशे सत्तर. दहा हजार पाच. गाडी अजून हलत होती म्हणून आकडे हलत होते, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असून काय उपयोग? मग आकडे दमले आणि थांबले.

नऊ हजार नऊशे सत्त्याण्णव.

"तीन किलो शिल्लक!" पहारेकरी ओरडला. सरकारी माणसानं असं ओरडू नये, पण तो ओरडला. त्यानं चिठ्ठी फाडून ताईच्या हातात दिली आणि तो आडवा दांडा असा वर केला जणू झेंडाच. पांढऱ्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला, आमच्या मागच्या चाकाशी आला, त्यावर बोटानं टक्‌ टक्‌ वाजवलं आणि ताईला म्हणाला, "बाई, कुठं मिळाली ही?"

"एका टेबलाखाली," ताई म्हणाली आणि इंजिन चालू केलं. पुलापलीकडून बाजाराचे चार-पाच मुकादम कठड्याशी येऊन उभे होते. त्यांनी गाडी हलताना पाहिली आणि हात वर केले. कुणीतरी शिट्टी मारली. सव्वीस वर्षांत तिच्या येण्यावर शिट्टी पहिल्यांदाच पडली असेल. भुईकाटा तपासायला आलेल्या माणसाला बघून आनंद होणारे लोक मी तरी त्याआधी पाहिले नव्हते.

माझं ऊर भरून आलं होतं. बारा दिवसांचा पुठ्ठा छातीशी धरून मी धावत दारापाशी गेलो, मुठीला हात घातला, पायरीवर एक पाय ठेवला आणि म्हटलं, "ताई, जिंकलो गं आपण! चल, चढतो मी. दोघं मिळून जाऊ पलीकडे!"

ताईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं, आणि म्हणाली, "तुझ्यातलं तीन किलो काय ते आत ठेव, बाकीचं चालत आण."